पोरा नदीच्या खोऱ्यातले सांडपाणी : हुडकेश्वरच्या निमित्ताने एक आढावा

म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रोडला लागले की नागपूर नेमके कुठे संपते, हे आज सांगता येत नाही. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटच्या वस्त्या झाल्या आणि २०१३ मध्ये हुडकेश्वर-नरसाळा हा भाग नागपूर महापालिकेच्या हद्दीत आला. ग्रामपंचायत गेली, पण तिच्या काळातले सेप्टिक टँक राहिले. नळ, रस्ते, पथदिवे यांसाठी निवेदने दिली जातात, मोर्चेही निघतात. गडरलाइनचा, म्हणजे मलवाहिनीचा, नंबर शेवटी लागतो. नळाला पाणी आले नाही तर आपल्या घरात ओरड होते, सांडपाणी मात्र कुंपणाबाहेर गेले की ते दुसऱ्याचे होते.

हा ‘दुसरा’ कोण, त्याच्यापर्यंत पाणी कोणत्या अवस्थेत पोहोचते आणि ते सुधारण्यासाठी कोणते उपाय मांडले जात आहेत, याचा हा आढावा आहे. हुडकेश्वर हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे. महापालिकेत उशिरा आलेल्या सगळ्याच भागांची गत थोड्याफार फरकाने अशीच आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, तिथेही आधी घरे उभी राहिली आणि सांडपाण्याची व्यवस्था मागून येत आहे.

पाणी जाते कुठे

नागपूरच्या तीन नद्या महापालिकेच्या कागदांत कायम एकत्र येतात : नाग, पिवळी आणि पोरा. पोराला काही जण पोहरा म्हणतात. नाग अंबाझरीच्या बाजूने येऊन शहराच्या मधून वाहते, पिवळी उत्तरेकडून. पोराचा ओघ दक्षिणेचा : सहकारनगर, नरेंद्रनगर, पिपळा फाटा आणि पुढे नरसाळा, विहिरगाव. हुडकेश्वरचे नाले उताराने याच ओघाला लागतात. शहराच्या पूर्वेला हे सारे पाणी नागनदीच्या आणि तिच्यामार्फत कन्हानच्या पात्रात जाते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे धरण आहे.

पावसाळ्याचे चार महिने सोडले तर या नद्यांना स्वतःचे पाणी फारसे नसते. मे महिन्यात पोरात जे वाहताना दिसते ते बहुतांशी लोकांच्या मोरीतले आणि संडासातले पाणी असते. पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया हाच आहे. बारमाही नदीत सांडपाणी पडले तर त्याला पातळ करायला दुसरे पाणी असते, इथे तसे पाणी जवळजवळ नाही. म्हणून नदीची प्रत म्हणजे सांडपाण्याचीच प्रत, असे आठ महिने तरी धरून चालावे लागते.

सेप्टिक टँकवर उभी राहिलेली वस्ती

दक्षिण नागपूरची वाढ मुख्यतः खासगी ले-आउटमधून झाली. त्यातले बरेच आधी अनधिकृत होते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्यांतल्या अनेकांना नियमित होण्याची वाट मिळाली. नागपूर सुधार प्रन्यासचे ‘१९०० ले-आउट’ आणि ‘५७२ ले-आउट’ हे शब्द इथल्या प्लॉटधारकाला तोंडपाठ असतात. विकासशुल्क भरायचे आणि रस्ता-नाली-गडरलाइनची वाट पाहायची, असा क्रम पडला. तोवर प्रत्येकाने आपापली सोय केली.

ही सोय जवळून पाहिली तर अशी दिसते. फाटकाच्या आत पोर्च, पोर्चखाली सेप्टिक टँक, टँकवर गाडी. घर नवे असते तेव्हा झाकण दिसते. पुढे पोर्चला टाइल्स बसतात आणि झाकण त्यांच्याखाली जाते. टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा, असे केंद्र सरकारची मलनिस्सारणाची नियमपुस्तिका सांगते. प्रत्यक्षात संडास तुंबेपर्यंत कोणी सक्शनची गाडी बोलावत नाही, कारण आधी फरशी फोडावी लागते. गाळाने भरलेल्या टँकमधून पाणी जवळपास जसेच्या तसे बाहेर पडते.

बाहेर पडून ते शोषखड्ड्यात जिरावे अशी अपेक्षा असते. इथली जमीन ती फारशी पुरी करत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगली की पाणी घेत नाही, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की पाणी गाळले न जाता सरळ खाली उतरते. खाली काळ्या पाषाणाच्या फटी आहेत आणि त्याच फटींतून बोअरला पाणी येते. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे. जिथे शोषखड्डा आणि बोअर एकाच प्लॉटवर आहेत तिथे ती ओलांडली जाण्याचा धोका उघड आहे. शोषखड्डा भरला की घरमालक टँकची नळी सरळ नालीत काढतो. त्याला दोष देणे सोपे आहे, त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता हे विचारणे तितकेच आवश्यक आहे.

किती पाणी, याचाही अंदाज हवा. शहरी पाणीपुरवठ्याचा ठरलेला हिशोब माणशी रोज १३५ लिटरचा आहे. त्यातले ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे १०८ लिटर. दहा हजार लोकवस्तीचे सांडपाणी रोज सुमारे अकरा लाख लिटर झाले. अभियंत्यांच्या भाषेत एक एमएलडीहून (दिवसाला दहा लाख लिटर) थोडे जास्त. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांच्या वापराची नोंद कुठेच नसते, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार.

नागपूरने आतापर्यंत काय केले

नागपूर या विषयात मागासलेले शहर नाही, हे आधी सांगायला हवे. १९५८ मध्ये सुरू झालेली आणि पुढे नीरी या नावाने ओळखली जाऊ लागलेली पर्यावरण अभियांत्रिकी संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महाजनको यांच्यात २००८ मध्ये झालेल्या कराराची चर्चा तर देशाबाहेरही झाली. भांडेवाडीला १३० एमएलडीचे प्रक्रियाकेंद्र उभे राहिले आणि शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाऊ लागले. पुढे खासगी भागीदारीतून २०० एमएलडीचे केंद्र झाले. औष्णिक वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत प्रक्रियाकेंद्र असेल तर त्याचे पाणी वापरलेच पाहिजे, हे केंद्र सरकारचे धोरण २०१६ मध्ये आले. नागपूरने तो रस्ता आधीच धरला होता.

या यशाला भूगोलाची एक मर्यादा होती. भांडेवाडी पूर्वेला आहे आणि तिथे तेच पाणी पोहोचते जे गडरलाइनमधून किंवा नाल्यावरच्या बांधातून वळवता येते. दक्षिणेच्या नव्या वस्त्यांना गडरलाइनच नव्हती. म्हणून आज योजनांची दोन भागांत वाटणी दिसते. उत्तर आणि मध्य मलनिस्सारण क्षेत्रांसाठी नागनदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प आहे. जपानच्या ‘जायका’ संस्थेचे कर्ज, केंद्र, राज्य आणि महापालिका यांचा वाटा ६०, २५ आणि १५ टक्के, आणि एकूण ९२ एमएलडीची तीन केंद्रे अशी त्याची रचना. दक्षिणेसाठी पोरा नदीचा स्वतंत्र प्रकल्प आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अमृत २.० अभियानात तो मंजूर झाला आणि त्याची किंमत सुमारे ९५७ कोटी रुपये धरली गेली. गडरलाइनचे जाळे आणि प्रक्रियाकेंद्रे, दोन्ही त्यात आहेत.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांच्या हाती कारभार होता. पोरा प्रकल्पाच्या मंजुरीचा टप्पा याच काळातला. केंद्र कुठे व्हावे, लाइन आधी कोणत्या ले-आउटला जावी, यावर सभागृहात नगरसेवक भांडले असते. ते भांडण झालेच नाही. याने काम लवकर झाले की चर्चा कमी झाली, यावर मते वेगळी आहेत. मला दोन्ही झाले असे वाटते.

शुद्ध पाणी म्हणजे किती शुद्ध

प्रक्रियाकेंद्रे कशी असावीत हा वाद समजून घ्यायचा तर मापदंडांची गुंतागुंत टाळता येत नाही. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, हे बीओडी नावाच्या आकड्यात सांगतात. घरगुती कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. नदीत आंघोळ करण्याजोगे पाणी हवे असेल तर ३ पेक्षा जास्त नको.

प्रक्रियाकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला जुन्या नियमात ३० ची मुभा होती. २०१५ च्या मसुद्यात ती १० वर आणण्याचा विचार झाला. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत मात्र महानगरांना २० आणि इतरांना ३० अशी सवलत आली, आणि नायट्रोजन-फॉस्फरसच्या मर्यादा वगळल्या गेल्या. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज गेला. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात लवादाने पुन्हा १० हा आकडा धरला, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅमची मर्यादाही घातली.

कडक मापदंडाच्या बाजूचे म्हणणे असे की ज्या नदीला स्वतःचे पाणी नाही तिच्यात ३० चे पाणी सोडणे म्हणजे नदी ३० ची करणे. विरुद्ध बाजू सांगते की ३० वरून १० वर जाताना यंत्रणा महाग होते, वीज जास्त लागते, आणि पैसा संपला की लहान नगरपालिकेचे केंद्र बंद पडते. बंद केंद्रापेक्षा ३० चे चालू केंद्र बरे. हा युक्तिवाद नुसता कागदी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात ९,१०७ एमएलडी सांडपाणी तयार होत होते, प्रक्रियेची क्षमता ६,८९० एमएलडीची होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया ४,२४२ एमएलडीवर होत होती. क्षमता उभी आहे आणि वापरली जात नाही, हे दुखणे जुनेच आहे.

मोठे एक की लहान अनेक

पहिला मतप्रवाह महापालिकेच्या आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांचा. प्रत्येक घर गडरलाइनला जोडा, लाइन उताराने खाली न्या, तिथे एक-दोन मोठी केंद्रे बांधा. मोठ्या केंद्राला चोवीस तास माणसे ठेवता येतात, प्रयोगशाळा परवडते, प्रति लिटर खर्च कमी येतो. शिवाय वीज केंद्र किंवा कारखाना पाणी विकत घेतो तो मोठ्या प्रमाणात मिळाले तरच. भांडेवाडीचा अनुभव या बाजूला आहे. अडचण वेळेची. अरुंद गल्ल्या, नुकतेच केलेले सिमेंट रस्ते, त्यांच्याखाली आधीच टाकलेली पाण्याची पाइपलाइन, या सगळ्यांतून शेकडो किलोमीटर लाइन टाकायला वर्षे लागतात आणि तोवर नाला होता तसाच राहतो.

दुसरा प्रवाह म्हणतो, नाल्या-नाल्यावर लहान केंद्रे करा. नीरीने विकसित केलेले फायटोरिड तंत्र यात पुढे केले जाते. खडी भरलेल्या हौदातून पाणी हळूहळू वाहू द्यायचे, वर कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती लावायच्या, मुळांजवळचे जिवाणू आपले काम करतात. वीज नाममात्र, यंत्रे जवळजवळ नाहीत. पण जागा जास्त लागते, आणि हुडकेश्वरमध्ये आज जागेचा भाव चौरस फुटाने आहे. सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेल्या भूखंडांवर खेळाचे मैदान, मंदिर, समाजभवन असे दावेदार आधीच असतात. लहान केंद्रांवर दुसरा आक्षेप देखभालीचा. दहा केंद्रे म्हणजे दहा ठिकाणचे पंप, दहा ठिकाणची चोरी, आणि कंत्राट संपले की दहा कुलपे. मोठ्या गृहसंकुलांचा अनुभव इथे दिला जातो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनंतर २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना स्वतःचे प्रक्रियाकेंद्र करावे लागते. बिल्डर ते करतो, सोसायटीच्या ताब्यात आल्यावर पहिले वीज बिल पाहून सचिव ते बंद ठेवतो, अशी उदाहरणे राज्यभर आहेत.

तिसऱ्या प्रवाहाकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही. सेप्टिक टँक आहेत तसे राहू द्या, पण ते वेळापत्रकाने उपसा आणि गाळावर प्रक्रिया करा. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने हे करून दाखवले. तक्रारीची वाट न पाहता प्रभागवार गाडी जाते, खर्च करातून वसूल होतो. वाई लहान गाव आहे आणि नागपूर मोठे, हा फरक खरा. पण हुडकेश्वर-नरसाळा स्वतंत्र धरले तर आकाराने ते अशाच एखाद्या गावाजवळ जाते. गडरलाइन पूर्ण होईपर्यंतच्या वर्षांसाठी हा उपाय स्वस्त आहे. फक्त टाइल्सखालची झाकणे उघडावी लागतील, आणि टँकमधून नालीत जाणारे पाणी त्याने पूर्ण थांबत नाही.

चौथा आवाज केंद्राच्या शेजाऱ्यांचा. केंद्र हवे, पण माझ्या प्लॉटजवळ नको. त्यांना वास येईल, डास होतील, भाव पडतील ही भीती. याला स्वार्थ म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही, कारण नीट न चालवलेल्या केंद्राला वास येतोच आणि नीट चालेल याची लेखी हमी कोणी देत नाही.

खालच्या पाण्याचा हिशोब

तिसरा प्रवाह सोडला तर या मतांत भर केंद्रावर आहे. नदीचे गणित थोडे वेगळे निघते. समजा एका खोऱ्यात १० एमएलडी सांडपाणी निघते आणि नाल्याला दुसरे पाणी नाही. त्यातले ८ एमएलडी उत्तम केंद्रात जाऊन १० बीओडीचे होऊन बाहेर पडते. उरलेले २ एमएलडी जोडणी नसलेल्या घरांतून २०० च्या बीओडीने सरळ नाल्यात येते. मिश्रणाचा बीओडी ४८ होतो. आता केंद्र साधे, ३० चे घ्या, पण जोडणी ९ एमएलडीपर्यंत न्या. उत्तर ४७ येते.

म्हणजे केंद्र तिप्पट कडक केल्याने जे साधले, तेच दहा टक्के घरे जास्त जोडल्याने साधले. आणि दोन्ही उत्तरे आंघोळीच्या ३ पासून मैलोगणती दूर आहेत. हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातले प्रमाण खरे आहे, आणि माझ्या मते सध्याच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. निविदा केंद्राची निघते, भूमिपूजन केंद्राचे होते. घराच्या पोर्चपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंतच्या वीस-तीस फूट नळीला मात्र कोणी वाली नसतो. ती टाकण्याचा खर्च कोणाचा, सक्ती करायची की सवलत द्यायची, भाडेकरू असेल तर नोटीस कोणाला, याची उत्तरे आधी ठरली नाहीत तर लाइन रस्त्याखाली कोरडी पडून राहते.

पावसाळ्यात हेच गणित उलटे फिरते. छतावरचे पाणी लोक चेंबरमध्ये सोडतात, लाइन भरते, केंद्राला झेपेल त्याहून जास्त पाणी येते आणि ते बाजूने सरळ नाल्यात सोडावे लागते.

मोजणार कोण, कधी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे आणि नद्यांचे नमुने ठरावीक ठिकाणी नियमाने घेतले जातात. नमुना कसा घेतात हे पाहिले की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, काठावरच तिच्यात रसायने टाकून प्राणवायू बांधून घ्यायचा, कारण गाडीतून प्रयोगशाळेत जाईपर्यंत आकडा बदलतो. बीओडीची बाटली २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवतात. काम चोख आहे, पण ते एका क्षणाचे आहे. वस्तीच्या नाल्यात सकाळी सात ते दहा पाणी सर्वांत घाण असते, दुपारी दोनला बरेच बरे. दुपारच्या नमुन्यावर नदी सुधारली असे म्हणता येत नाही आणि सकाळच्या नमुन्यावर बिघडली असेही नाही. पोरासारख्या लहान प्रवाहावर प्रकल्पाआधी आणि नंतर, एकाच ठिकाणी, चोवीस तासांचे एकत्रित नमुने घेतले तरच तुलना टिकेल.

वाद कुठे अडला आहे

वैनगंगेकाठची तक्रार बीओडीची नाही, ती हिरव्या पाण्याची आणि इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची, आहे. भंडाऱ्याचे लोक वैनगंगेचे पाणी पितात आणि नागपूरची घाण गोसेखुर्दच्या फुगवट्यात साचते, असे ते वर्षानुवर्षे सांगत आहेत. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या धरणाने वाहती नदी थांबवली आणि थांबलेल्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरसने वनस्पती माजते. साधे प्रक्रियाकेंद्र बीओडी उतरवते, फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो. म्हणजे हुडकेश्वरच्या नाल्याचा वास गेला तरी भंडाऱ्याचे पाणी हिरवे राहू शकते. फॉस्फरस काढण्याचा खर्च नागपूरने करावा का, आणि वरच्या भागातल्या शेतीच्या खतांचा वाटा किती, यावर एकमत नाही.

दुसरा पेच पाण्याच्या मालकीचा. शुद्ध केलेले पाणी विकले तर महापालिकेला उत्पन्न होते, त्यातून केंद्राची वीज भागते. पण हेच पाणी पोराचा उन्हाळी प्रवाह आहे. नरसाळा-विहिरगावच्या पुढचे शेतकरी त्यावर भाजीपाला, चारा काढतात. पाणी घाण आहे हे त्यांना माहीत आहे, आणि ते बारमाही आहे हेही. पाणी शुद्ध होऊन पाइपातून वीज केंद्राकडे गेले तर नदी स्वच्छ होईल आणि कोरडीही. काही भाग नदीत सोडणे बंधनकारक करावे, असे एक म्हणणे आहे. शेतकऱ्यांचा त्यावर कायद्याने हक्कच नाही, हे दुसरे. पोरा प्रकल्पाच्या पाण्याला गिऱ्हाईक शोधण्याआधी कोणत्या गावात किती मोटारी या पाण्यावर चालतात, याची नोंद करावी लागेल आणि ती उन्हाळ्यातच करता येते.